प्रमेहातील पथ्य : भाकरी, पोळी आणि तंतूंचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाणाऱ्या मार्गावर चितेगाव आहे. एका बाजूस कारखाने, दुसऱ्या बाजूस शेतशिवार. अशा परिसरातील प्रमेही रुग्ण औषधाआधी विचारतो, "डॉक्टरसाहेब, पोळी बंद करू ना? भाकरी कितीही चालते ना?" आपल्यापैकी अनेक जण घाईत 'हो' म्हणून मोकळे होतो. या उत्तराचा पुनर्विचार व्हावा, असे आम्हास वाटते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १०, बाजरीत ११.५ आणि गव्हाच्या कणकेतही ११ ग्रॅम तंतू असतात. सडीक तांदूळ व मैदा यांत ते ३ ग्रॅमहूनही कमी. म्हणजे दोष गव्हाचा नसून चाळणीचा व गिरणीचा आहे. शिवाय १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्टमय पदार्थ असतातच. पन्नास ग्रॅम पिठाची एक, अशा चार भाकरींतून ते १३५ ग्रॅम पोटात जातात. 'कितीही' हा शब्द म्हणूनच घातक ठरतो.

तंतू दोन प्रकारे उपयोगी पडतात. विद्राव्य तंतू आतड्यात पाणी शोषून बुळबुळीत होतात आणि शर्करेचे शोषण मंदावतात. जव, मेथी व इसबगोल ही त्यांची परिचित उदाहरणे. अविद्राव्य तंतू मलाचे प्रमाण वाढवतात. येथे चरकाचार्यांचे स्मरण होते. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात पुरीषजनन द्रव्यांत यव श्रेष्ठ सांगितला आहे आणि चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायात प्रमेहींच्या आहारात त्यालाच प्राधान्य आहे. आजच्या तक्त्यात जवातील तंतू १५ ग्रॅमहून अधिक दिसतात. तरीही आपल्या भागात जव मिळवण्यास प्रयास पडतात. औषधी दुकानदारांनी स्वच्छ जव ठेवल्यास रुग्णांची सोय होईल.

पथ्य सांगताना स्थूल आणि कृश प्रमेही हा भेद विसरू नये. पाळीत काम करणाऱ्या कृश कामगारास अन्न तोडून चालत नाही. चरकाने त्यास बृंहणच सांगितले आहे. त्याच्या ताटात भाकरीचे प्रमाण ठरवून वरण, उसळ, पालेभाजी वाढवावी. स्थूल रुग्णास मात्र नवधान्य, गुळाचे पदार्थ आणि बैठे सुख यांविषयी स्पष्ट सांगावे. निदानपरिवर्जन हीच त्याची पहिली चिकित्सा.

दुकानदार बंधूंसाठी दोन सूचना. अवलेहांत साखर किंवा गूळ असतो आणि आसव-अरिष्टांतही गूळ पडतो, हे ग्राहकास आधी सांगावे. इसबगोल भरपूर पाण्याबरोबर आणि अन्य औषधांपासून सुमारे दोन तासांच्या अंतराने घ्यावयास लावावे.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. त्यांतील अनेक जण इन्सुलिन वा शर्करा घटविणाऱ्या गोळ्या घेऊन आपल्याकडे येतात. आहार एकाएकी बदलल्यास त्यांची रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून पथ्य सुरू करताना तपासणी वाढवावी आणि मात्रेतील बदल त्यांच्या उपचार करणाऱ्या वैद्यकाच्या विचारानेच व्हावा.

'कितीही' ऐवजी 'किती' हे सांगणे, एवढीच आमची व्यवसायबंधूंना विनंती.