दार न वाजवता येणारी पाळत

मागच्या व्याख्यानात आपण ‘स्वातंत्र्य म्हणजे नेमकं काय’ या प्रश्नापाशी थांबलो होतो. व्याख्यान संपल्यावर एका श्रोत्याने विचारलं, “सरकारने माझा फोन ऐकला तर ऐकू दे की! माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?” प्रश्न प्रामाणिक आहे आणि आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो असतो. म्हणून आज त्याच प्रश्नाचं उत्तर शोधू.

सुरुवात मतदान केंद्रापासून करू या. आपण आत जातो, बोटाला शाई लागते आणि मग पुठ्ठ्याच्या आडोशामागे उभे राहून बटन दाबतो. दिलेल्या मताची आपल्याला लाज वाटते का? मुळीच नाही. कित्येकजण बाहेर पडल्या पडल्या टपरीवर चहा पिताना सगळं सांगून मोकळे होतात. मग तो आडोसा कशाला? कारण ज्याच्या हातात आपली नोकरी आहे, मुलाचा दाखला आहे, शेताच्या पाण्याची पाळी आहे, असा माणूस मागे उभा राहून पाहत असेल तर बोट त्याच्या मर्जीप्रमाणे वळेल. आडोशाने गुन्हा झाकला जात नाही. आपला निर्णय आपलाच राहावा, एवढ्यासाठी तो असतो. आणि बाहेर आल्यावर सांगायचं की नाही, हेही आपणच ठरवतो.

म्हणजे खासगीपणा आणि लपवाछपवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एवढं लक्षात ठेवून आता एका खटल्याकडे वळू.

उत्तर प्रदेशात खरक सिंग नावाचा एक माणूस होता. १९४१ मध्ये दरोड्याच्या एका प्रकरणात पोलिसांनी त्याला पकडलं. पुरावा मिळाला नाही, म्हणून सोडून दिलं. प्रकरण तिथेच संपायला हवं होतं. पण पोलिसांनी त्याच्या नावाची एक फाइल उघडली आणि त्याला पाळतीखाली ठेवलं. गावचा चौकीदार आणि शिपाई वेळीअवेळी घरी येत, रात्री दार वाजवून त्याला उठवत. परगावी जायचं तर कुठे चाललो ते चौकीदाराला सांगावं लागे. न्यायालयाने दोषी न ठरवलेल्या माणसाचं हे आयुष्य होतं. शेवटी तो सर्वोच्च न्यायालयात गेला.

निकाल लागला १८ डिसेंबर १९६२ रोजी. सहा न्यायमूर्तींच्या पीठाने रात्री घरी जाऊन दार ठोठावण्याचा नियम घटनाबाह्य ठरवला. माणसाच्या झोपेवर आणि घरावर हे अतिक्रमण आहे, असं म्हटलं. पण घराभोवती गुप्तपणे नजर ठेवणं, येण्याजाण्याची नोंद करणं, हे सगळं बहुमताने चालू राहू दिलं. का? तर ज्याला आपल्यावर नजर आहे हे माहीतच नाही, त्याच्या हिंडण्याफिरण्याला अडथळा होतोच कुठे, असा तो युक्तिवाद होता. गोपनीयता हा घटनेने दिलेला हक्क नाही, असंही बहुमताचं म्हणणं पडलं.

न्यायमूर्ती सुब्बाराव यांना हे पटलं नाही. त्यांच्या अल्पमताच्या निकालाचा आशय असा, की सतत कोणाच्या नजरेखाली फिरणारा माणूस शरीराने मोकळा असला तरी त्याचं फिरणं यंत्रासारखं होतं. म्हणून पाळतीचा तो अख्खा नियमच रद्द व्हायला हवा. न्यायमूर्ती शहा त्यांच्याशी सहमत होते.

आता या निकालातली मेख पाहा. जी पाळत ऐकू येत होती ती न्यायालयाने थांबवली. जी ऐकू येत नव्हती ती राहू दिली. आणि आज आपल्यावरची पाळत जवळजवळ सगळी दुसऱ्या प्रकारची आहे! फोन ऐकला जात असेल तर दार कोणी वाजवत नाही.

इथे थोडं मागे जाऊ. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत मध्य प्रांत-वऱ्हाडचे प्रतिनिधी काझी सय्यद करिमुद्दीन यांनी एक दुरुस्ती मांडली होती. सबळ कारण आणि वॉरंट यांशिवाय कोणाच्याही अंगाची, घराची, कागदपत्रांची झडती घेऊ नये, असा तिचा आशय होता. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. असं संरक्षण साध्या कायद्यात आहेच, पण ते कायदेमंडळाच्या हाताबाहेर, घटनेत ठेवणं इष्ट ठरेल, असं त्यांना वाटत होतं. अखेर ती दुरुस्ती घटनेत आली नाही. पुढे १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, असं कलम आपल्या घटनेत नाही, याच मुद्द्यावर गोपनीयतेचा हक्क मानायला नकार दिला.

तो हक्क स्पष्ट शब्दांत मान्य व्हायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावं लागलं. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या, मूळ आधारविषयीच्या याचिकेतून हा प्रश्न पुढे आला आणि नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं, की गोपनीयता हा मूलभूत हक्क आहे. हक्क निरंकुश नाही, पण त्यावर बंधन घालायचं तर कायदा हवा, रास्त हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा.

मग प्रश्न सुटला का? कागदावर सुटला. व्यवहारात काय होतं ते पाहू.

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला १८८५ च्या तार कायद्याने दिला होता. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, या दोहोंपैकी एक कारण असेल तरच, अशी त्यात अट होती. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ती अट आहे. संगणकावरच्या माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६९ वं कलम वेगळं. त्यात ही अटसुद्धा नाही. आदेशावर सही कोणाची? केंद्रात गृहसचिवांची, राज्यात राज्याच्या गृहसचिवांची. आदेश साठ दिवसांचा, वाढवत वाढवत १८० दिवसांपर्यंत. तो योग्य होता की नाही हे तपासणार कोण? सचिवांचीच समिती. या संपूर्ण साखळीत न्यायाधीश कुठेही नाही. १८ डिसेंबर १९९६ रोजी, म्हणजे खरक सिंग निकालाला बरोबर ३४ वर्षं झाली त्या दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकण्यावर काही बंधनं घातली. पण न्यायाधीशाची आगाऊ परवानगी मात्र आवश्यक ठरवली नाही.

ती तपासणी कशी होते? न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात माहिती अधिकारातल्या एका उत्तराचा आधार घेऊन म्हटलं आहे, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे एकेका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात. आपण साधा हिशोब करू. बैठक सलग आठ तास चालली, चहालाही कोणी उठलं नाही, तरी मिनिटाला तीसहून अधिक आदेश होतात. याला तपासणी म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा.

कोणी म्हणेल, सरकारने मग अतिरेक्यांवर नजर ठेवूच नये का? जरूर ठेवावी. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला तेव्हा हल्लेखोरांचे सीमेपलीकडच्या सूत्रधारांशी चाललेले फोन आपल्या यंत्रणांनी टिपले आणि पुढे खटल्यात ते पुराव्यात आले. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचं कारण नाही. आपला प्रश्न एवढाच आहे, की ऐकणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे?

तत्त्वज्ञानात याचा विचार फिलिप पेटिट यांनी नेमका केला आहे. ते म्हणतात, मालक दयाळू आहे, चाबूक उगारत नाही, म्हणून गुलाम स्वतंत्र होत नाही. चाबूक उगारायचा की नाही हे जोवर मालकाच्या मर्जीवर आहे, तोवर तो गुलामच. आपल्या श्रोत्याचं ‘माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ हे वाक्य आता पुन्हा तपासा. त्यात एक गृहीत दडलेलं आहे: काय आक्षेपार्ह, हे ठरवणारा आज आहे तसाच उद्याही राहील. पण ते ठरवणं आपल्या हातात नसतं. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवलं. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तिथे हजेरी देणाऱ्या माणसांकडे लपवण्यासारखं काय होतं? त्यांचा जन्म हाच पुरावा होता. १९५२ मध्ये तो कायदा गेला. संशयाची नजर अजून पुरती गेलेली नाही.

न्यायालयात गेलं तर दाद मिळते का? कधी कधी मिळते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचेच्या एका प्रकरणातले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले, कारण तिथे ना सार्वजनिक आणीबाणी होती ना सुरक्षिततेचा प्रश्न. ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितलं. पण त्या माणसाला आपला फोन ऐकला गेला हे कळलं, कारण त्याच्यावर खटला भरला गेला. ज्याच्यावर खटलाच भरला जात नाही, त्याला कळणार कसं? पेगॅसस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये समिती नेमली. तिने तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगॅससच होतं असं सिद्ध झालं नाही. आणि सरकारने सहकार्य केलं नाही, असं समितीचं म्हणणं सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितलं.

तेव्हा आपण काय मागावं? फार मोठं काही नाही. आदेशाआधी न्यायिक अधिकाऱ्याची संमती हवी. ब्रिटनने २०१६ च्या कायद्यात मंत्र्याच्या सहीला ती जोड दिली आहे. तपासाला धोका उरला नाही, की संबंधित माणसाला कळवावं. जर्मनीत तशी तरतूद आहे. आणि वर्षाला किती आदेश निघाले, तो आकडा संसदेपुढे यावा. या तिन्हींमुळे एकही अतिरेकी सुटत नाही.

खरक सिंगला निदान दारावरची थाप ऐकू येत होती, म्हणून तो न्यायालयात जाऊ शकला. आपल्याला आधी ती थाप मागून घ्यावी लागणार आहे. पुढच्या निवडणुकीत कोणी मत मागायला दारात आलं, तर रस्ता, पाणी, वीज यांबरोबर हेही विचारा. मत कोणाला देणार, ते मात्र सांगू नका.