दहननलिका : पदार्थांची निवड आणि भिवंडीतील इंधन-परीक्षणाचा संदर्भ

सारांश : नमुना जाळून त्यातील मूलद्रव्यांचे प्रमाण काढण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या नलिकांचे पदार्थ, त्यांच्या तापमानमर्यादा व वापरातील दक्षता यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : दहननलिका, क्वार्ट्झ, अॅल्युमिना, गंधक, सायझिंग.

प्रस्तावना

यंत्रमागांचे शहर ही भिवंडीची ओळख आहे. मागावर चढण्यापूर्वी ताण्याच्या सुताला खळ लावून ते वाळवावे लागते. या सायझिंग प्रक्रियेला वाफ लागते, वाफेला बॉयलर आणि बॉयलरला इंधन. त्या इंधनात गंधक किती, हा प्रश्न शहराच्या हवेशी थेट निगडित आहे. त्याचे उत्तर ज्या साधनातून मिळू शकते, ते साधन म्हणजे दहननलिका होय.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८३१ मध्ये सेंद्रिय पदार्थांच्या विश्लेषणाची सुलभ पद्धत मांडली. कठीण काचेच्या नलिकेत नमुना व कॉपर ऑक्साइड भरून ती कोळशाच्या निखाऱ्यांवर तापविली जाई. निघालेले पाणी व कार्बन डाय-ऑक्साइड शोषून त्यांचे वजन केले जाई. म्हणजेच, नलिका जितकी ताप सहन करील तितकेच विश्लेषण शक्य होते. पुढे जर्मनीत शॉट यांनी बोरोसिलिकेट काच विकसित केली. अमेरिकेत १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ बाजारात आली. भारतात १९६२ मध्ये मुंबईत ‘बोरोसिल’ची स्थापना झाली आणि हे नाव महाविद्यालयीन प्रयोगशाळांच्या परिचयाचे झाले.

पदार्थ व त्यांच्या मर्यादा

सोडियम वितळ परीक्षेतील ज्वलननलिका साध्या सोडा काचेची असते. ती लालबुंद करून पाण्यात बुडविली जाते आणि तिने फुटावे हीच अपेक्षा असते. दहननलिकेकडून अपेक्षा याच्या नेमकी उलट आहे. तिने तासन्‌तास ताप सोसावा, वायू बाहेर सोडू नये आणि नमुन्याशी रासायनिक क्रिया करू नये.

बोरोसिलिकेट काचेचे प्रसरण सोडा काचेच्या सुमारे एकतृतीयांश असते. त्यामुळे ती सहसा तडकत नाही. मात्र सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तिचा वापर सुरक्षित नाही आणि ८२० अंशांच्या सुमारास ती मऊ पडते. क्वार्ट्झचे प्रसरण बोरोसिलिकेटच्याही सुमारे एकषष्ठांश आहे. सुमारे १००० अंशांपर्यंतच्या नियमित कामास ते उत्तम ठरते. त्याहून अधिक तापमानास म्युलाइट किंवा अॅल्युमिना या चिनी मातीसदृश पदार्थांच्या नलिका लागतात.

येथे एक गैरसमज संभवतो. अधिक तापमान सोसणारी नलिका तापमानातील अचानक बदलही सोसेल, असे नाही. अॅल्युमिनाचे प्रसरण जवळपास सोडा काचेइतके आहे. म्हणून ही नलिका भट्टीबरोबरच हळूहळू तापवावी व हळूहळू थंड होऊ द्यावी.

इंधनातील गंधकाचे निर्धारण

उच्च तापमान पद्धतीत कोळशाचा नमुना सुमारे १३५० अंशांवर ऑक्सिजनच्या प्रवाहात जाळतात. गंधकाची ऑक्साइडे हायड्रोजन पेरॉक्साइडच्या द्रावणात शोषली जाऊन सल्फ्युरिक आम्ल बनते व त्याचे अनुमापन केले जाते. या तापमानास क्वार्ट्झ उपयोगी नाही. नलिकेला सूक्ष्म तडा असेल किंवा ती सच्छिद्र असेल, तर वायू निसटतो आणि गंधकाचा आकडा कमी येतो. प्रत्यक्षात दूषित असलेले इंधन कागदावर स्वच्छ ठरते.

याउलट, इंधनात क्लोरिनयुक्त प्लॅस्टिकचा कचरा मिसळलेला असेल, तर हायड्रोक्लोरिक आम्लही त्याच द्रावणात उतरते आणि आकडा वाढतो. म्हणून क्लोरिनची दुरुस्ती अनिवार्य आहे.

वापरातील दक्षता

नमुना नलिकेत थेट न ठेवता होडीच्या आकाराच्या पोर्सिलीन पात्रात ठेवावा. बाष्पशील द्रव्ये एकदम पेटू नयेत म्हणून हे पात्र टप्प्याटप्प्याने उष्ण भागाकडे सरकवावे. क्वार्ट्झ नलिका उघड्या हाताने हाताळू नये. घामातील क्षारांमुळे उच्च तापमानास तिचे स्फटिकीभवन होऊन ती पांढुरकी व ठिसूळ होते. कापडाच्या राखेतील सोडियमचे क्षारही हेच करतात. प्रत्येक सत्रापूर्वी गळतीची चाचणी घ्यावी आणि गंधकाचे प्रमाण ज्ञात असलेला नमुना जाळून पाहावा.

निष्कर्ष

नलिकेची निवड तापमान, तापण्याचा वेग आणि नमुन्यातील क्षार या तिन्ही बाबी पाहून करावयास हवी. विद्यार्थ्यांना अनुमापनाचे सूत्र शिकविताना नलिकेची तपासणीही शिकविली जावी. भिवंडीसारख्या शहरात धुराविषयीचा वाद अखेर एखाद्या अहवालातील आकड्यावर येऊन ठेपतो. तो आकडा नलिकेइतकाच विश्वसनीय असतो.