पानाची साक्ष

युनानी औषधांच्या दुकानात मिळणारी सना मक्की तुम्हांला माहीत असेल. मराठीत तिला सोनामुखी म्हणतात. बद्धकोष्ठतेवर हकीम आणि वैद्य हिची पाने फार पूर्वीपासून देत आले आहेत.

सोनामुखी हे सेन्ना प्रजातीतील पिवळ्या फुलांचे झुडूप आहे. आपल्या माळरानावरचा तरवड तिचाच भाऊबंद. झाडावर फुले आणि शेंगा असतील, तर या झुडपांमधला फरक सहज कळतो. पण दुकानात येतात ती वाळलेली पाने, किंवा त्यांचे नुसते चूर्ण. त्यात दुसऱ्याच झुडपाची पाने मिसळली असतील तर? रोग्याला औषधाचा गुण येणार नाही. अशा वेळी सूक्ष्मदर्शक उपयोगी पडतो.

पानाच्या पृष्ठभागावर पेशींचा एक पातळ थर असतो. त्याला अपित्वचा म्हणतात. या थरात पर्णरंध्रे, म्हणजे पानाला हवा घेता यावी म्हणून असलेली बारीक छिद्रे, असतात. सोनामुखीच्या प्रत्येक छिद्राच्या दोन्ही बाजूंना, छिद्राला समांतर अशा दोन पेशी दिसतात. पानावरचे केस एकाच पेशीचे, जाड भिंतीचे आणि खरखरीत असतात. पान कुटून चूर्ण केले तरी या खुणा त्याच्या तुकड्यांवर राहतात. सेन्ना इटालिका या जवळच्या झुडपाच्या पानाची खालची बाजू पाहिली, तर तेथील पेशी बारीक पुटकुळ्यांसारख्या वर आलेल्या दिसतात. एवढ्यावरून ते पान वेगळे काढता येते.

कधी कधी नुसते पाहून भागत नाही, मोजावेही लागते. समजा, एका जागी १५ पर्णरंध्रे आणि ८५ इतर पेशी आहेत. एकूण १०० पैकी पर्णरंध्रे १५, म्हणून पर्णरंध्र निर्देशांक १५. ही पद्धत सॅलिसबरी या इंग्रज शास्त्रज्ञाने १९२७ मध्ये सुचवली. ऊन, सावली किंवा पाणी यांमुळे पानाचा आकार बदलतो आणि रंध्रे दाट किंवा विरळ होतात. निर्देशांक मात्र फारसा बदलत नाही.

सोनामुखीचे दोन प्रकार बाजारात प्रसिद्ध आहेत. एक अलेक्झांड्रिया बंदराच्या नावाने ओळखला जातो, दुसरा तमिळनाडूतील तिरुनेलवेलीच्या. पहिल्याचा निर्देशांक साधारण १० ते १५, तर दुसऱ्याचा १४ ते २० असतो. दोहोंचे आकडे थोडे एकमेकांत मिसळतात. म्हणून एकच पान मोजून निकाल देत नाहीत. अनेक पाने मोजून सरासरी काढतात.

पूर्वी या दोन प्रकारांना दोन वेगळ्या जाती मानत. आज अनेक वनस्पतिशास्त्रज्ञ दोन्ही एकाच जातीत घालतात. मग पानाची साक्ष खोटी ठरली का? नाही. पानाने फरक दाखवला, तो खराच आहे. पण तेवढा फरक दोन जाती मानण्यास पुरेसा आहे का, हे फूल, फळ, बी अशा सर्व साक्षी ऐकून ठरवावे लागते. न्यायाधीश एका साक्षीवर निकाल देत नाही, तसेच हे आहे.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. ताज्या पानाच्या खालच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्या. तो वाळल्यावर चिकटपट्टीने अलगद उचला, काचपट्टीवर चिकटवा आणि शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पर्णरंध्रांचा ठसा तुम्हांला दिसेल. मग दोन वेगळ्या झुडपांची पाने घ्या आणि फरक वहीत मांडा.