औतांच्या लांकडास जवसाचें तेल

नांगर, वखर, तिफण इत्यादि औतें व कुदळ, फावडें, कुऱ्हाड यांचे दांडे पुष्कळदां झिजण्यापूर्वींच तडकून निकामी होतात. लांकूड पावसाळ्यांत ओलावा शोषून फुगतें व उन्हाळ्यांत आकसतें. हें फुगणें व आकसणें सर्व बाजूंनीं सारखें नसल्यामुळें भेगा पडतात. तेल दिल्यानें ही क्रिया अजिबात थांबत नाहीं. परंतु ती मंदावते.

या कामीं जवसाचेंच तेल कां घ्यावें? गोडें तेल किंवा एरंडेल लांकडावर वाळत नाहीं. चिकट राहून धूळ धरतें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु शोषून घट्ट होतें. म्हणजे तें उडून न जातां लांकडांतच राहतें. घाण्याचें कच्चें तेल वाळण्यास कित्येक दिवस लागतात. रंगाच्या दुकानांतील उकळलेल्या तेलांत वाळविणारीं द्रव्यें मिसळलेलीं असल्यामुळें तें साधारणतः एका दिवसांत वाळतें. मात्र तें खाण्यांत कदापि येऊं देऊं नये.

चैत्र-वैशाखांत लांकूड पूर्ण वाळलेलें असतां हें काम करावें. दांड्यावरील माती खरवडून कांचकागदानें लांकडाच्या उभ्या रेषेनें घासावें. पहिल्या हातास तेलांत तितकेंच टर्पेंटाइन मिसळावें, म्हणजे तेल आंत मुरतें. हात पातळ द्यावा व सुमारें १५ मिनिटांनीं वर राहिलेलें तेल कोरड्या फडक्यानें पुसून काढावें. कारण जाड थरावर साय धरते व खालीं तो ओलाच राहतो. एक हात वाळल्यावर दुसरा, असे ३ हात पुरेत. दांड्याच्या दोन्ही तोंडांस तेल अधिक द्यावें. आडवा कापलेला भाग सर्वांत जलद पाणी पितो. दांड्यांस व्हार्निश लावूं नये. त्याचे पापुद्रे निघून हातास फोड येतात. तेलानें वाळवी टळत नाहीं, यास्तव औतें दगडांवर ठेवावीं.

आतां सर्वांत महत्त्वाची सूचना. हें तेल वाळतांना उष्णता उत्पन्न होते. दांड्यावरील पातळ थराची उष्णता हवेंत निघून जाते. परंतु तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकल्यास ती आंतच कोंडते, तिच्या योगानें क्रिया आणखी वेगानें चालते, आणि कांहीं तासांत, काडी न ओढतां, चिंध्या पेट घेऊं शकतात. आपल्याकडे औतें व कडबा पुष्कळदां एकाच छपराखालीं, गोठ्यालगत असतात. रात्रीं आग लागल्यास दावणीस बांधलेल्या जनावरांस पळतां येत नाहीं.

म्हणून तेल देण्याचें काम छपराबाहेर, विस्तवापासून दूर करावें. टर्पेंटाइन तर चटकन पेटतें. तेल घरीं चुलीवर उकळूं नये. काम संपतांच चिंध्या पाण्यांत बुडवाव्या, नंतर कडब्यापासून दूर उघड्यावर एकेक सुटी पसरून वाळवाव्या आणि कडक झाल्यावर पुरून टाकाव्या. गड्यास एवढें समजावून सांगितल्यावांचून तेलाचा डबा त्याच्या हातीं देऊं नये.