काळदुर्गाची चढण आणि आपला धंदा

पालघर, बोईसर आणि तारापूर म्हटले की व्यापाऱ्याच्या डोळ्यांसमोर एम.आय.डी.सी., कापडाचे प्रोसेस हाऊस आणि 1969 साली सुरू झालेले अणुवीज केंद्र येते. या भागातील डोंगर मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी चढून पाहिले आहेत. आम्ही कापड बाजारातील काही मंडळी सुट्टीच्या दिवशी काळदुर्ग चढून आलो. त्यात आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या उपयोगाचे जे दिसले, ते येथे देत आहोत.

पालघर स्टेशनहून मनोर रस्त्याने वाघोबा खिंडीत उतरावे. तेथे वारली समाज मानतो त्या वाघोबाचे ठाणे आहे. खिंडीत माकडे फार, खाऊची पिशवी सांभाळावी. खिंडीतून पायवाट वर जाते. उंची सुमारे 1,550 फूट. गादीवर बसून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने दीड-दोन तास धरावेत. घाई करू नये, पाणी माणशी दोन लिटर न्यावे. ज्यांना रक्तदाब किंवा साखरेची तक्रार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच निघावे.

वर तटबंदी नाही. चौकोनी कातळ, दगडात खोदलेली पाण्याची टाकी आणि थोड्या पायऱ्या आहेत. पश्चिमेला पालघर आणि त्यापलीकडे समुद्र, पूर्वेला सूर्या नदीचे खोरे. किनाऱ्यावर आणि घाटवाटेवर एकाच ठिकाणाहून नजर ठेवता येते. मालाच्या वाटेवर पहारा हवाच, हे जुन्या लोकांना ठाऊक होते.

हा डोंगर ज्वालामुखीच्या दगडाचा आहे, पण त्याचे तोंड शोधत बसू नये. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांब भेगा पडून तप्त रस वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला. दुकानात थानावर थान रचावे तसे काळ्या दगडाचे थर बसले. काही भेगांत रस तसाच गोठला. मऊ भाग पावसाने झिजून गेला, कठीण तेवढा उभा राहिला.

कपड्यांबद्दल आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. कोरड्या दिवसांत सुती कापड उत्तम, घाम पिते. पावसात तेच भिजून जड होते आणि वाळता वाळत नाही. तेव्हा पॉलिएस्टर मिसळलेले हलके कापड बरे. चप्पल नको, खाच असलेल्या तळाचे बूट हवेत. ओल्या कातळावर शेवाळ असते.

आता धंद्याचे. पावसाळ्यात मुंबईची तरुण मंडळी या डोंगरांवर येतात. त्यांना पाठीवरची पिशवी, टोपी, पावसाचे जाकीट लागते. हे सर्व ते मुंबईतच घेऊन येतात. आपला शिलाई कारागीर मजबूत कापडाची पिशवी सहज शिवू शकतो. वीस जणांची टोळी आली आणि चहा-नाश्त्याला माणशी पन्नास रुपये धरले तरी हजार रुपये येथे राहतात. हंगामात बहाडोलीची जांभळे, घोलवडचे चिकू आणि वारली चित्रांचे कापड ठेवता येईल. मात्र या वाटेचा पहिला हक्क पायथ्याच्या पाड्यांतील लोकांचा आहे. त्यांना वाटाड्या आणि भागीदार करावे, नुसते मजूर नव्हे.

दुसरी बाजूही पाहावी. काळ्या दगडाला मोठी मागणी आहे. 2024 साली मंजूर झालेल्या वाढवण बंदराचा खर्चच 76,220 कोटी रुपये ठरला आणि समुद्रात 1,448 हेक्टर भराव टाकण्याची योजना आहे. भरावाला, रस्त्यांना, इमारतींना दगड लागणारच. आपली दुकानेही खडीवरच उभी आहेत, म्हणून खाणीला सरसकट नावे ठेवणे बरोबर नाही. पण हिशेब दोन्हीकडून मांडावा. फोडलेला डोंगर एकदाच विकला जातो. उभा डोंगर दर पावसाळ्यात ओढे, विहिरी आणि गिऱ्हाईक देतो. भांडवल खाऊन चालवलेले दुकान किती दिवस टिकते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको.

तेव्हा बंधूंनो, पाऊस ओसरला की चार सोबती जमवा आणि एकदा चढून या. प्लास्टिक खाली परत आणा. आणि ग्रामसभेत किंवा व्यापारी मंडळात डोंगराचा विषय निघाला तर गप्प बसू नका.