‘क्वाइट नाइस’ वाचून खूश होऊ नका!

लंडनच्या एका दुकानदार बाईंना मी कापडी पिशव्यांचं सॅम्पल पाठवलं होतं. उत्तर आलं, ‘क्वाइट नाइस, अ बिट प्रायसी.’ मी ‘नाइस’ तेवढं वाचलं आणि लगेच आमच्या टेलरदादांना २०० पिशव्या शिवायला सांगितल्या. ऑर्डर काही आली नाही. पैसे मात्र अडकले.

शब्द कळले होते, सूर कळला नव्हता. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट नाइस’ म्हणतो, तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ एवढाच असतो. अमेरिकन माणूस तेच शब्द ‘छानच आहे’ या अर्थाने वापरतो. आणि ‘अ बिट प्रायसी’ म्हणजे, या भावात जमणार नाही!

रिव्ह्यूमध्ये, मेसेजमध्ये दिसणारे असे आणखी काही शब्द वहीत लिहून ठेवा.

मेह : काही खास नाही. राग नाही, पण पुन्हा घ्यायची इच्छाही नाही. ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेमुळे हा शब्द घरोघरी पोचला.

मिड : सुमार. तरुण ग्राहकांचा लाडका शब्द.

नॉट माय कप ऑफ टी : माझ्या आवडीचं नाही. इथे माल वाईट आहे असं नसतं, ग्राहक वेगळा शोधायचा.

लेमन : लिंबू नव्हे! बिघडकी निघालेली गाडी किंवा मशीन. अमेरिकेत अशा गाड्यांसाठीच्या ग्राहक कायद्यांना ‘लेमन लॉ’च म्हणतात.

रिप-ऑफ : लुबाडणूक. हा शब्द दिसला की हातातलं काम सोडून आधी त्या ग्राहकाशी बोला. इथे प्रश्न आवडीचा नाही, विश्वासाचा आहे.

सूर कळत नसेल तर अंदाज बांधत बसू नका, सरळ विचारा : काय बदललं तर ऑर्डर द्याल? मी हे उशिरा विचारलं. बाईंना आत एक खिसा आणि थोडा कमी भाव हवा होता, बस्स!

आपल्या काउंटरवर कुणी ‘घरी विचारून सांगते’ म्हटलं की ती बाई परत येणार नाही, हे आपल्याला बरोबर कळतं ना? इंग्रजीतलं ‘घरी विचारून सांगते’ ओळखायला शिका. माल शिवायला टाकायच्या आधी!