उद्योजकता मानसिकता अभ्यासक्रम (दिल्ली)

उद्योजकता मानसिकता अभ्यासक्रम हा दिल्लीच्या शासकीय शाळांतील इयत्ता नववी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१९ मध्ये सुरू झालेला अभ्यासक्रम होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'ईएमसी' या नावाने ओळखला जातो. त्याला लेखी परीक्षा व गुण नसल्यामुळे त्याचे यशापयश प्रामुख्याने शिक्षकावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

शिक्षणाला उत्पादक कामाची जोड देण्याचा विचार भारतात जुना आहे. १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत महात्मा गांधींनी मांडलेली 'नई तालीम' हस्तव्यवसायावर आधारलेली होती. दिल्लीच्या अभ्यासक्रमात मात्र विशिष्ट कौशल्यापेक्षा आत्मविश्वास, जोखीम पत्करण्याची तयारी आणि अपयशातून सावरण्याची वृत्ती यांवर भर देण्यात आला. मनीष सिसोदिया हे तेव्हा दिल्लीचे शिक्षणमंत्री होते.

स्वरूप

गोष्टी, कृती, चर्चा, उद्योजकांशी थेट संवाद आणि प्रत्यक्ष प्रकल्प ही या अभ्यासक्रमाची प्रमुख अंगे होत. २०२१ मध्ये अकरावी-बारावीसाठी 'बिझनेस ब्लास्टर्स' हा उपक्रम राज्यभर सुरू झाला. त्यात विद्यार्थ्यांनी गट करून व्यवसायाची कल्पना मांडावयाची आणि प्रतिविद्यार्थी २,००० रुपयांच्या बीजभांडवलावर ती आजमावावयाची, अशी योजना होती.

शिक्षकांचा दृष्टिकोन

या तासाला शिक्षकाने उत्तर सांगणे अपेक्षित नसते; प्रश्न विचारून विद्यार्थ्यांना बोलते करणे हे त्याचे काम असते. पाठ्यपुस्तक संपवणे आणि उत्तरपत्रिका तपासणे या चाकोरीत घडलेल्या शिक्षकाला हा बदल सोपा नाही. शिवाय दहावी-बारावीच्या मंडळ परीक्षांचा ताण व निवडणुकीसारखी अशैक्षणिक कामे यांमुळे गुण नसलेला तास मागे पडण्याची शक्यता असते.

दुसरा प्रश्न अनुभवाचा आहे. शिक्षकाची नोकरी व वेतन निश्चित असते. जोखमीचा पाठ मात्र त्यालाच द्यावा लागतो. उलट शासकीय शाळांतील अनेक मुले फेरीवाल्यांच्या, कारागिरांच्या व छोट्या दुकानदारांच्या घरांतून येतात. उधारी, नफा आणि बुडीत माल हे शब्द त्यांना घरीच ठाऊक झालेले असतात. वर्गात या अनुभवाला स्थान मिळाले, तर एरवी मागे राहणारा विद्यार्थीही बोलू लागतो आणि शिक्षकाला त्याची निराळी ओळख होते.

तात्त्विक आक्षेपही महत्त्वाचा आहे. उद्योजकता म्हणजे केवळ नफा, असा अर्थ घेतल्यास शाळेच्या व्यापक हेतूला बाध येतो आणि रोजगाराच्या टंचाईची जबाबदारी विद्यार्थ्यावरच पडते. पुढाकार व सर्जनशीलता असा व्यापक अर्थ घेतल्यास ती प्रत्येक विषयाच्या अध्यापनात सामावू शकते. मुळात स्पर्धा टाळणाऱ्या अभ्यासक्रमाला 'बिझनेस ब्लास्टर्स'मधील निवडीच्या फेऱ्यांनी पुन्हा स्पर्धेची जोड दिली, हा त्यातील अंतर्विरोध होय.

पुढील घडामोडी

२०२५ मध्ये दिल्लीत सत्तांतर झाल्यानंतर शालेय उद्योजकता शिक्षणासाठी 'नीव' ही नवी योजना जाहीर करण्यात आली. योजनेचे नाव बदलले, तरी ती राबवणारा शिक्षक तोच राहतो. म्हणून त्याचे प्रशिक्षण आणि त्याला मिळणारा वेळ हे प्रश्न कायम राहतात.